गाडीत न चढलेल्यांना कोण मोजणार?

गेले काही दिवस एक मजकूर आमच्याकडच्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. त्याचं सार असं: बस कुठून कुठं न्यायची हे ठरवायला तज्ज्ञ कशाला? चालक-वाहकांना सगळं कळतं. तज्ज्ञांच्या पगाराच्या पैशात गाड्या घ्या, उरलेलं काम तिकिटाचं मशीन करेल. आणि नियोजन वगैरे मुंबई-पुण्याला ठीक, मराठवाड्याला काय करायचंय? लिहिणाऱ्याची कळकळ खरी वाटते. पण यातला एकही मुद्दा टिकत नाही.

‘चालक-वाहकांना सगळं कळतं.’ पुष्कळ कळतं, हे आधी मान्य. कुठल्या गावचा बाजार कुठल्या वारी, नाथषष्ठीला पैठणची गाडी कधी भरते, नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर जादा गाड्या कुठून सोडाव्या लागतात, हे वाहक तोंडपाठ सांगेल. त्यांना न विचारता केलेलं नियोजन कागदावरच राहतं. पण वाहकाला दिसतात ती गाडीत चढलेली माणसं.

लातूर जिल्ह्यातल्या एका फाट्यावर मी आठवडाभर सकाळी वही घेऊन उभा राहिलो. एका दिवशी सव्वासातची गाडी आली ती आधीच खच्चून भरलेली. कॉलेजच्या पाच मुली खाली राहिल्या. दोघी काळी-पिवळीत दाटीवाटीनं बसल्या, दोघी पुढच्या गाडीसाठी थांबल्या, एक घरी परत गेली. त्या फेरीच्या हिशेबात काय दिसलं असेल? भारमान, म्हणजे गाडी किती भरली त्याचं प्रमाण, उत्तम. त्या पाच जणींची नोंद कुठंच नाही. मशीनवाला मुद्दाही इथंच संपतो, कारण मशीन फाडलेलं तिकीट मोजतं, फाट्यावर राहिलेलं माणूस मोजत नाही.

याची दुसरी बाजू आणखी वाईट आहे. संध्याकाळची शेवटची फेरी रिकामी धावते म्हणून बंद होते. हिशेबाला ते बरोबर दिसतं. पण परतीची गाडी गेली की सकाळी जाणारा माणूसही मोटारसायकल काढतो, आणि मग सकाळच्या फेरीचं भारमान घसरतं. पुढच्या वर्षी तीही बंद. ज्यांच्या घरी मोटारसायकल नाही, त्या मुलीचं शिक्षण तिथंच थांबतं. जाणं आणि येणं मिळून एकच प्रवास असतो, हे धरून हिशेब मांडणं हे शिकून येणारं काम आहे.

‘गाड्या घ्या, प्रश्न सुटेल.’ गाड्या हव्यातच, त्यावर वाद नाही. पण साधं गणित करू. शहरातल्या एका मार्गावर जाऊन-येऊन, थांब्यासकट, 120 मिनिटं लागतात आणि गाड्या आहेत 8. म्हणजे दर 15 मिनिटांना एक. आणखी 2 घेतल्या तर दर 12 मिनिटांना. आता एकही गाडी न घेता फेरी 90 मिनिटांवर आणली, तर त्याच 8 गाड्या सव्वाअकरा मिनिटांना येतात. ती 30 मिनिटं सापडतात रिक्षांनी अडवलेल्या थांब्यावर, चौकातल्या सिग्नलवर, विनाकारण घातलेल्या वळशात. ती शोधायला घड्याळ घेऊन मार्गावर फिरावं लागतं.

शिवाय दोन गाड्या एकामागोमाग येतात आणि मग अर्धा तास काहीच नाही, हा अनुभव सगळ्यांचाच. लोक चालकाला बोल लावतात. खरं तर उशीर झालेल्या गाडीला थांब्यावर जास्त माणसं भेटतात, म्हणून तिला आणखी उशीर होतो. मागचीला माणसं कमी, म्हणून ती पुढचीला गाठते. गाड्या वाढवल्या तरी हे होतच राहतं. मधल्या थांब्यावर मागची गाडी किती मिनिटं रोखायची, हे कुणीतरी ठरवावं लागतं.

‘मराठवाड्याला याची गरज नाही.’ इथं मला राहवत नाही. जिथं पाच मिनिटांना बस असते, तिथं नियोजन चुकलं तर पाच मिनिटं जातात. जिथं दिवसाला दोनच गाड्या, तिथं चुकलं तर दिवस जातो. आणि ही गोष्ट आपल्याला परकीही नाही. निजाम राजवटीत 1932 मध्ये सरकारी बससेवा 27 गाड्यांवर सुरू झाली, ती रेल्वे खात्याच्याच हाताखाली. रेल्वे आणि बस एकाच खात्याकडं! आज स्टेशनवर उतरलेला माणूस गावची गाडी कुठून आणि किती वाजता, हे चहावाल्याला विचारतो.

पगाराचा मुद्दा थोडक्यात. एका नियोजनकाराचा वर्षाचा पगार एका नव्या बसच्या किमतीहून कमी असतो. शिकवायची सोयही राज्यातच आहे, पुण्यात केंद्रीय सडक परिवहन संस्था 1967 पासून हेच काम करते. अडचण पदाची आहे. महापालिकेच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, हे पद नसलं की बससेवा कुणाकडं तरी अतिरिक्त कार्यभार म्हणून जाते, पथदिवे आणि उद्यानांच्या जोडीला.

ती वही मी नंतर आगारात नेऊन दाखवली. वाहतूक नियंत्रकांनी चष्मा लावून पानन् पान वाचलं. म्हणाले, ‘‘सर, बरोबर हाय सगळं. पण हे मोजायला आमच्याकडं माणूसच नाही.’’