मोटेगीचा विजय नशिबाचा नव्हता

नाशिकमधल्या आमच्या रविवारच्या मिसळ-मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या आठवड्यात एकच संदेश चौघांनी पाठवला. अमेरिकेच्या डॅनिका पॅट्रिकची मोटर रेसिंगमधली कारकीर्द हा निव्वळ फुगवटा आहे. बाईच्या शरीराला हा खेळ झेपत नाही, हलक्या वजनाचा तिला आयता फायदा मिळाला, तिचा एकमेव विजय इतरांचे पेट्रोल संपल्यामुळे पदरात पडला आणि गाडी तर जाहिरातदारांच्या जोरावर मिळाली, असे त्यात म्हटले होते. एकच शरीर एका वाक्यात कुचकामी आणि पुढच्याच वाक्यात गैरफायद्याचे कसे ठरते, हे पाठवणाऱ्या चौघांपैकी कोणालाच खटकले नसावे.

शरीराच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. फ्रान्सच्या मिशेल मूतों हिने १९८२ मध्ये पोर्तुगाल, ग्रीस आणि ब्राझील या तीन जागतिक रॅली, म्हणजे खडबडीत रस्त्यांवरच्या लांब पल्ल्याच्या शर्यती, जिंकून त्या वर्षीच्या अजिंक्यपदात दुसरे स्थान मिळवले, आणि २००१ ची वाळवंटातली डकार रॅली जर्मनीच्या युटा क्लाइनश्मिट हिने पजेरो चालवत जिंकली. पावसाळ्यानंतर पेठ रस्त्याने जीप हाकलेल्या माणसाला अशा वाटेवर दिवसच्या दिवस स्टिअरिंग धरून बसणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

वजनाच्या आक्षेपात मात्र एके काळी तथ्य होते. इंडीकारमध्ये, म्हणजे पॅट्रिक जिंकली त्या अमेरिकी शर्यत-मालिकेत, पूर्वी गाडीचे किमान वजन चालकाला वगळून मोजत, त्यामुळे जेमतेम पंचेचाळीस किलोच्या पॅट्रिकला लाभ होई, आणि रॉबी गॉर्डन या चालकाने २००५ मध्ये तशी जाहीर तक्रारही केली होती. परंतु २००८ च्या हंगामापासून चालकाचे वजन हिशेबात धरणारा नियम आला, आणि तिचा विजय त्याच वर्षीच्या २० एप्रिलचा, जपानमधल्या मोटेगीचा आहे.

आता त्या ‘संपलेल्या पेट्रोल’विषयी. एक तर ते पेट्रोल नव्हते. २००७ पासून ही मालिका इथेनॉलवर धावत होती, जे निफाडच्या ऊसपट्ट्यातल्या वाचकांना परके नाही. दुसरे, इंधन कोणाच्याही टाकीतून अचानक नाहीसे झाले नव्हते. शर्यत २०० फेऱ्यांची होती, आणि शेवटच्या फेऱ्यांत आघाडीचे काही चालक इंधन भरायला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, वळले, कारण त्यांनी ते वेगासाठी आधीच जाळले होते. आमच्या शेजारचे एक निवृत्त एसटीचालक आजही पुढे लाल सिग्नल दिसला की बऱ्याच आधी ॲक्सिलरेटरवरून पाय काढतात; ब्रेक मारला की तेवढे डिझेल फुकट गेले, असा त्यांचा हिशेब. लंबगोल ट्रॅकवरही हेच करायचे असते, फक्त ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास: वळणाआधी थोडे लवकर सोडायचे, पुढच्या गाडीच्या आडोशाने हवेचा विरोध चुकवायचा, आणि तरीही पुढचा हाताबाहेर जाणार नाही इतकाच वेग राखायचा. हा हिशेब थोडा जरी चुकला, तरी एक तर मागे पडायचे, नाही तर शेवटच्या फेरीत गाडी बंद पडायची. त्या शर्यतीतला तिचा प्रतिस्पर्धी एलिओ कॅस्ट्रोनेव्हेस हाही इंधन वाचवतच पुढे होता. त्याला मागे टाकून पॅट्रिक पाच सेकंदांहून अधिक अंतराने जिंकली. पुरुष चालक अशा रीतीने जिंकला की आपण त्याला डावपेच म्हणतो.

जाहिरातदारांचा मुद्दा मी बऱ्याच अंशी मान्य करतो. तिच्या लोकप्रियतेने प्रायोजक आणले, आणि प्रायोजकांनी गाडी. मात्र या खेळात पैसा घेऊन येणारे चालक पुरुषांतही भरपूर आहेत, आणि २००९ मध्ये इंडियानापोलिस ५०० या इंडीकारच्या सर्वांत मोठ्या शर्यतीत तिसरा व हंगामात पाचवा क्रमांक जाहिरातीने मिळत नाही. खरी कमकुवत बाजू पुढची आहे. नॅसकार या अमेरिकेतल्या दुसऱ्या शर्यत-मालिकेत २०१३ च्या डेटोना ५०० या शर्यतीसाठी तिने सुरुवातीच्या रांगेतली पहिली जागा पटकावली खरी, परंतु त्या मालिकेच्या सर्वोच्च श्रेणीत १९१ शर्यतींत तिला एकही विजय मिळाला नाही. संदेश लिहिणाऱ्याने हा आकडा शोधला असता, तर मला उत्तर देणे बरेच जड गेले असते.