चीजची डिश गार करून चाखायची आणि मग मार्क द्यायचे?

रविवारपासून कट्ट्यावर हा एकच विषय चाललाय आणि मला वाटतं तो नीट लिहून काढायला हवा, कारण बोलताना बाळ्या कुणाचं पूर्ण ऐकूनच घेत नाही. आमच्या कॉलनीच्या मंडळाने यंदा हौशी लोकांसाठी चीज पाककला स्पर्धा ठेवली होती, सच्याने भाग घेतला होता म्हणून आम्ही सगळे हॉलवर गेलो होतो. पहिला नंबर आला एका काकूंच्या चीज शंकरपाळीचा. सच्याला उत्तेजनार्थ पण नाही.

काकूंची शंकरपाळी उत्तम होती, मी स्वतः चार खाल्ली, खुसखुशीत, मिरपूड बरोबर. त्याबद्दल आमचं कुणाचंच काही म्हणणं नाही. वाद दुसऱ्याच गोष्टीचा आहे.

सच्याने केलं होतं भाजणीचं चीज थालीपीठ. ऐकायला सोपं वाटतं पण भाजणीत धान्यं भाजलेली असतात, कणकेसारखा चिवटपणा येत नाही, त्यामुळे आत सारण भरलं की ते फाटतं. हा पठ्ठ्या ओल्या फडक्यावर दोन पातळ थालीपिठं थापतो, एकावर चीज पसरतो, दुसरं वर ठेवून ओल्या बोटाने कडा दाबत जातो, आणि एरवी आपण मधे भोक पाडून तेल सोडतो ते इथे करत नाही कारण भोकातून चीज तव्यावर येऊन जळतं, म्हणून नुसतं कडेने तूप. चीज पण एकच नाही, निम्मं मोझरेला निम्मं प्रोसेस्ड. नुसत्या मोझरेलाला पाणी सुटतं आणि भाजणी आतून ओली होते, नुसत्या प्रोसेस्डला तार येत नाही. तव्यावरून काढून त्याने पहिलं थालीपीठ आमच्यासमोर मधोमध तोडलं तेव्हा वीतभर तार आली आणि भाजणीचा, कांद्याचा, तुपाचा असा वास आला की शेजारच्या टेबलावरच्या ताई आपलं काम सोडून बघायला आल्या.

पण परीक्षक टेबलाशी आले तासाभराने. नियम असा की सगळ्यांनी एकाच वेळी गॅस बंद करायचा, डिश सजवून मांडायची आणि मागे उभं राहायचं, मग परीक्षक पहिल्या टेबलापासून सुरुवात करणार, आणि सच्याचं टेबल पार शेवटी. तोवर ते थालीपीठ वातड, आतलं चीज रबरासारखं. परीक्षकांनी एक घास खाल्ला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढे गेले.

बाळ्याचं म्हणणं असं, "नियम सगळ्यांना आधीच माहीत होता ना? काकूंनी डोकं लावलं, गार झाल्यावर पण चांगलं लागेल असं केलं. सच्याने लावलं नाही. विषय संपला."

मी म्हणलं विषय इथे सुरू होतो. चीज गार झालं की त्याचं काय होतं बघ ना. दुधातली चरबी साधारण आपल्या अंगाच्या उष्णतेला पूर्ण वितळलेली असते, त्याखाली गेलं की ती घट्ट व्हायला लागते, आणि गरम असताना एकमेकांवरून सहज सरकणारी प्रथिनं परत आवळून बसतात. यात करणाऱ्याची चूक काहीच नाही, तो पदार्थाचा धर्म आहे. प्रोसेस्ड चीज जरा जास्त तग धरतं कारण त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार घालतात, तेल वेगळं सुटत नाही. 1911 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या थून गावी हे पहिल्यांदा जमवलं, चीज लांबच्या उष्ण देशांत टिकावं म्हणून. पण ते सुद्धा गार झालं की घट्टच होतं.

आणि त्याच स्वित्झर्लंडमध्ये फोंड्यू, म्हणजे वितळलेल्या चीजमध्ये पावाचे तुकडे बुडवून खायचा पदार्थ, खाताना भांड्याखाली शेवटपर्यंत छोटी ज्योत पेटती ठेवतात. राक्लेट नावाचं चीज तर पुढ्यात वितळवून थेट ताटात खरवडून वाढतात. आपल्याकडे जम्मूला, उधमपूरकडे कलाडी नावाचं तिथलं चीज मिळतं, ते तव्यावर स्वतःच्याच तुपात परततात आणि तव्यावरून सरळ कुलच्यात. पिढ्यान्‌पिढ्या चीज करणारी-खाणारी माणसं जर ते गार होऊ नये म्हणून एवढी धडपड करतात तर आपण मुद्दाम गार करून मार्क का देतोय?

यावर पम्या मधे पडला, तो डेअरीत आहे, त्याचं ऐकावं लागतं. तो म्हणाला, "अरे पण जगात चीजच्या ज्या मोठ्या स्पर्धा होतात तिथे गारच चाखतात की. मुंबईच्या एलेफ्थेरिया या चीज बनवणाऱ्या कंपनीच्या ब्रूनोस्टला 2021 मध्ये वर्ल्ड चीज अवॉर्ड्सला सिल्व्हर मिळालं, ते नॉर्वेच्या पद्धतीचं चीज, चीज करून उरलेलं पाणी आटवत आटवत तपकिरी होईपर्यंत नेतात, त्याच्या पातळ चकत्या कापून खातात. कोण गरम करतंय?"

मुद्दा चांगला आहे, पण ती चीज बनवण्याची स्पर्धा, ही चीज वापरून स्वयंपाक करण्याची. तिथे परीक्षक चीज चाखतात, इथे आच, वेळ, हात हे बघायचं असतं. आणि हे सगळं फक्त गॅसजवळ दिसतं, तासाभराने टेबलावर दिसते ती कोथिंबिरीची सजावट आणि टोमॅटोची फुलं. पावसात दोन तास पिशवीत राहिलेला वडापाव खाऊन वडेवाल्याला नावं ठेवशील का, असं मी बाळ्याला विचारलं तर तो म्हणाला वडेवाला स्पर्धेत उतरला नव्हता.

मग दुसरा फाटा फुटला. बाळ्या म्हणतो आपण मित्राला सपोर्ट करायला गेलो होतो, टाळ्या वाजवायच्या, घरी यायचं, हरल्यावर नियमांवर बोललं की रडीचा डाव वाटतो, उलट सच्यालाच कमीपणा येतो. हे मला पटतच नाही. सच्या गेला महिनाभर ऑफिसवरून येऊन रात्री तवा तापवत होता, त्याच्या आईने भाजणी दोनदा दळून आणली कारण पहिली जाड झाली. एवढी मेहनत डोळ्यांनी बघितल्यावर टाळ्या वाजवून गप्प बसायचं याला मी सपोर्ट म्हणणार नाही. आणि हे एकट्या सच्यासाठी थोडंच आहे, त्या दिवशी एका मुलीचं चीज सूफ्ले, म्हणजे अंड्याचा फेस घालून ओव्हनमध्ये फुगवलेला पदार्थ, पण परीक्षक येईपर्यंत पार बसलं होतं, ती रडवेली झाली होती, तिच्या बाजूने बोलायला तर कुणीच नव्हतं.

माझं म्हणणं साधं आहे. सगळ्यांनी एकदम सुरू करायचं नाही, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सुरू करायचं, ज्याची डिश तव्यावरून उतरेल ती लगेच परीक्षकांसमोर. पम्याने यात एक खरी अडचण काढली, परीक्षक टेबलाशी आले की कुणाची डिश ते कळतं, मग ओळखीपाळखीचे मार्क सुरू. त्यावर उपाय पण त्यानेच सुचवला, परीक्षकांना आतल्या खोलीत बसवायचं आणि मंडळाच्या पोरांनी नंबर लावलेली ताटं पळत नेऊन द्यायची. गार खायच्या डिशना वेगळा गट करायचा, म्हणजे काकूंची शंकरपाळी तिथे शंकरपाळ्यांशी, बिस्किटांशी लढेल आणि बहुतेक तिथेही जिंकेल.

सच्या एवढा वेळ गप्प होता. त्याला विचारलं तर म्हणाला नियम बदलो न बदलो, पुढच्या वेळी मोझरेला जरा कमी करून बघणार आहे.

शनिवारी संध्याकाळी मंडळाच्या सेक्रेटरींना भेटायचं ठरलंय. बाळ्या पण येतोय, विरुद्ध बाजूने बोलायला.