दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: चूक आमची आहे, पण आधी तो टाय रॉड एंड बदलून घ्या

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: स्विफ्ट खडखडते म्हणून आमच्याकडे दिली, ६,८५० रुपये बिल झालं, गणपतीला कोल्हापूरहून राजापूरला जाऊन आलात आणि सोळा दिवसांत पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेला घासले. स्टिअरिंग तिरकं झालं, आवाज कमी झाला पण गेला नाही. परत आलात तर आम्ही आणखी दीड हजाराचं काम काढलं, टाय रॉड एंडचं, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणाऱ्या सांध्याचं. "गरज नसलेले पार्ट टाकतात आणि गिऱ्हाईकाला कापतात," असं तुम्ही लिहिलंय.

आधी टायरचं बोलतो. ते आमच्यामुळे गेले.

तुमच्या डाव्या लोअर आर्मचा, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा, मागचा बुश (रबराचा सांधा) पार फाटला होता. बुश फाटला की आर्म मागेपुढे सरकतो आणि चाक आपल्या जागेवर राहत नाही. कधीतरी तशाच अवस्थेत गाडीचं अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवायचं काम, झालेलं असणार. आम्ही नवा आर्म टाकल्यावर चाक मूळ जागी आलं आणि जुनं सेटिंग चुकीचं ठरलं. म्हणूनच आर्म बदलला की अलाइनमेंट करायचंच असतं, त्याला पर्याय नाही. त्या शनिवारी संध्याकाळी लाईट गेली होती, मशीन बंद होतं आणि तुम्हाला पहाटे निघायचं होतं. आम्ही गाडी तशीच दिली. परत आलात तेव्हा मशीनवर टो ६ मिमी बाहेर दिसला, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं तेवढी बाहेरच्या बाजूला फाकली होती. त्याचा हिशेब मांडला तर किलोमीटरमागे प्रत्येक पुढचं चाक साधारण आठ मीटर आडवं घासत गेलंय. अणुस्कुरा घाट उतरून गेलात आणि चढून आलात, गावात फिरलात. टायर राहणार कसे? हाताने टायरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं तेव्हा करवतीच्या दातासारखं लागलं. मला तिथेच कळलं काय झालंय ते.

टायर ३८,००० किलोमीटर चाललेले होते, तरी बाहेरच्या बाजूला अजून ३ मिमी खाच शिल्लक आहे, म्हणजे ते आणखी काही महिने चालले असते. नवीन दोन टायरची निम्मी किंमत मी देतो. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचे पैसे घेणार नाही.

आता पार्टचं. इथे मात्र तुमचं म्हणणं मला मान्य नाही.

गाडी आली तेव्हा तुमच्याबरोबर गल्लीत एक फेरी मारली होती, आठवत असेल. बारीक खड्ड्यांवर सतत खडखड होत होती आणि ब्रेक मारला की पायाखाली 'धप्प' असा एकच ठोका येत होता. हे दोन वेगळे आजार आहेत. बारीक खड्ड्यांची खडखड बहुतेक वेळा लिंक रॉडची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या बारला जोडलेल्या छोट्या दांड्याची) असते, ब्रेकचा ठोका आर्मच्या बुशचा. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना टकटक झाली असती तर मी शॉकअपच्या वरचं माउंटिंग बघितलं असतं. तसं काही नव्हतं, म्हणून तिकडे हातही लावला नाही. शॉकअप बदला असं मी तुम्हाला म्हटलंही नाही, कारण ते गळत नव्हते. पैसे काढायचे असते तर तो सगळ्यात मोठा खर्च होता.

दुसऱ्या गॅरेजवाल्याने तुम्हाला सांगितलं की नुसते बुश टाकले असते तरी भागलं असतं. उजव्या बाजूला आम्ही तेच केलंय. बिल काढून बघा: एक लोअर आर्म, दोन बुश, दोन लिंक रॉड. डावीकडचा आर्म पूर्ण टाकावा लागला, कारण तिथे बॉल जॉइंटही (आर्मच्या टोकाचा, चाकाकडचा गोळीचा सांधा) ढिला होता. काढलेले पार्ट आमच्याकडे तुमच्या गाडीच्या नंबरची चिठ्ठी लावून ठेवलेत. या, तो बॉल जॉइंट स्वतःच्या अंगठ्याने हलवून बघा. चांगल्या जॉइंटची पिन नुसत्या अंगठ्याने सहज हलत नाही, ही लुळी पडलीय. बुशचे नटही आम्ही गाडी चाकांवर उभी करूनच आवळले होते. गाडी लिफ्टवर लटकत असताना आवळले तर खाली आल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश लवकर फाटतो. हे काम नीट झालंय, ते मी छातीठोकपणे सांगतो.

राहिलं ते "आणखी दीड हजाराचं काम". ह्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

तो डावा टाय रॉड एंड पहिल्याच दिवशी आमच्या जॉब कार्डवर लिहिलेला आहे: 'हलका प्ले', म्हणजे सांध्यात थोडी ढिलाई. मी फोनवर सांगितलं, तुम्ही म्हणालात गणपती झाल्यावर बघू. मग तुम्ही विचारलंत, "गावी जाऊन यायला चालेल ना?" आणि मी म्हटलं, "सावकाश जा, चालेल."

तसं म्हणायला नको होतं. बावीस वर्षं हे काम करतोय, स्टिअरिंगच्या पार्टबद्दल 'चालेल' म्हणायचं नसतं हे मला माहीत आहे. दुकानात गर्दी होती, तुमची घाई दिसत होती आणि माझ्या तोंडून ते गेलं. बिलावरही ते लिहून दिलं नाही. तुमची मुलं मागच्या सीटवर होती हे तुमच्या रिव्ह्यूत वाचलं आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

परत आलात तेव्हा गाडी वर घेऊन चाक डाव्या-उजव्या बाजूने, म्हणजे घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं. तुम्ही शेजारीच होतात. टाय रॉड एंडवर बोट ठेवलं की ठोका थेट बोटाला लागत होता. त्याचं रबरी आवरण फाटलंय. पावसात चिखलपाणी आत गेलं, ग्रीस धुऊन निघालं आणि आतला बॉल झिजला. पहिल्या वेळेपेक्षा प्ले नक्की वाढलाय. तुमचा उरलेला आवाज तिथूनच येतोय. आणि तो जॉइंट निसटला तर डावं चाक स्टिअरिंगचं ऐकणार नाही, मग वेग कितीही कमी असो. तो बदलल्याशिवाय अलाइनमेंट करूनही उपयोग नाही. हलत्या चाकाचं माप घेऊन काय करणार?

हे काम आमच्याकडेच करा असा माझा आग्रह नाही. विश्वास उडाला असेल तर कुठल्याही चांगल्या गॅरेजात दाखवा, टायरचे निम्मे पैसे तरीही देईन, फक्त बिल पाठवा. आमच्याकडे येणार असाल तर टाय रॉड एंडची फक्त पार्टची किंमत लावीन, मजुरी नाही. शनिवारी सकाळी ८ वाजता लिफ्ट तुमच्यासाठी मोकळी ठेवलीय, काम मी स्वतः करेन. गाडी चालवत आणू नका, निरोप द्या, टोइंगची गाडी आमच्या खर्चाने दारात पाठवतो.

रिव्ह्यू बदलायची गरज नाही, दोन स्टार तसेच राहू द्या. पण दादा, तोवर मुलांना शाळेत सोडायलासुद्धा ती गाडी बाहेर काढू नका.