पाठीवर तेरा

आमच्या फुटबॉल टीमच्या जर्सीचे नंबर वाटले गेले तेव्हा मी दाढेत सिमेंट भरून घेत होतो. तोंडात कापूस, खिशात फोन थरथरतोय आणि डॉक्टर म्हणतायत हलू नका. बाहेर येऊन ग्रुप उघडला तर वाटप उरकलेलं. १० कॅप्टननं घेतला, ते ठरलेलंच. ७ तिघांना हवा होता. त्यावर रुसवेफुगवे होऊन एकाला ७, दुसऱ्याला ७७ आणि तिसऱ्याला १७ अशी तोड निघाली होती. माझ्या नावापुढं परस्पर १३. खाली कॅप्टनचा खुलासा : "तू काय म्हणणार नाहीस, माहीत होतं." वर जर्सी छापणारा माझ्या घराजवळ, म्हणून सगळ्यांचा गठ्ठा छापून आणायचं कामही माझ्याच गळ्यात.

वर्गणी मात्र सगळ्यांना सारखी, साडेपाचशे. तिथं कुणी म्हटलं नाही की तेराला सूट.

एक सांगतो, मला राग अपशकुनाचा नव्हता. राग उरलंसुरलं पदरात पडल्याचा होता. फुटबॉलमध्ये अकरा जण खेळतात. बारावा म्हणजे पहिला राखीव. तेरावा म्हणजे बाराव्याला ताप आला तर ज्याची आठवण होते तो. १९३३ च्या इंग्लंडमधल्या एफए कपच्या फायनलला एव्हर्टनच्या खेळाडूंना १ ते ११ नंबर दिले आणि मँचेस्टर सिटीच्यांना १२ ते २२. म्हणजे सिटीत त्या दिवशी कुणाच्या तरी पाठीवर १३ आलाच. सिटी ०-३ अशी हरली. खरं तर बारापासून बावीसपर्यंत सगळेच हरले, पण नाव कुणाचं खराब झालं असेल ते सांगायला नको.

तर मी गठ्ठा घेऊन दुकानात गेलो. दुकान म्हणजे दहा बाय दहाची खोली. अर्ध्या खोलीत फ्लेक्स, अर्ध्या खोलीत जर्सी, मधे एक पोरगा आणि एक कॉम्प्युटर. कॉम्प्युटर अडकलेला होता, कारण खुर्चीत अण्णा बसले होते. पांढरा शर्ट, गळ्यात चेन, मांडीवर पिशवी. १ जूनला त्यांचा वाढदिवस, त्याचा फ्लेक्स चालला होता. पडद्यावर अण्णा गॉगल घालून उभे, मागं धबधबा, बाजूला सिंह, खाली शुभेच्छुकांचे तीन रांगा फोटो. त्यातल्या एका शुभेच्छुकाशी अण्णांचं सकाळीच वाजलं होतं. त्याला काढायचं चाललेलं. पोरगा त्याला पुसत होता आणि अण्णा सांगत होते, "कान ऱ्हायला बघ त्येचा. कान बी काढ."

कान निघाल्यावर पोरानं माझी यादी घेतली. अण्णांनी ती त्याच्या खांद्यावरून वाचली.

"तेरा कुणाचा?"

"माझा."

"घरात कोण आजारी हाय?"

"कुणी नाही."

"हुईल."

मी म्हटलं, अण्णा, हे असलं मी मानत नाही. अण्णा म्हणाले, "तुम्ही मानू नगासा. पर त्यानं तुम्हाला मानलं तर?" याला उत्तर नसतं. मग त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. "तेराव्याला माणूस जेवाय बसतोय, पावणं. पळाय न्हवं. आनि आकडा बगा. एक नि तीन चार. चार म्हंजी राहू."

"मग २२ सुद्धा चारच की."

"मी कुठं २२ घ्या म्हटलं?"

बाहेर त्यांची गाडी उभी होती. एमएच ०९, पुढं पसंतीचा नंबर, बेरीज नऊ. आरटीओत त्यासाठी किती भरले ते त्यांनी न विचारता सांगितलं. गाडी वर्षात दोनदा गॅरेजला जाऊन आली हेही सांगितलं, पण त्याचा नंबराशी संबंध नाही म्हणाले, तो ड्रायव्हरचा हात जड आहे. पोरगा हळूच म्हणाला, "अण्णा, बेरीज नऊ आली आनि ॲव्हरेजबी नऊवरच आलं." अण्णांनी ऐकलं नाही असं केलं.

मी विचारलं, अण्णा, तुमचा जन्म खरंच १ जूनचा? तर म्हणाले, "कुणाला ठावं? आई म्हणायची, पाऊस लई होता. शाळंत घालताना मास्तरनं १ जून लिव्हलं." तुम्ही आमच्या भागातल्या साठीच्या पुढच्या कुणालाही विचारा, निम्मे १ जूनचेच निघतील. आता ज्याची जन्मतारीख मास्तरच्या सोयीनं ठरली तो गृहस्थ मला अंकशास्त्र शिकवत होता, आणि शिकवणी संपेपर्यंत कॉम्प्युटर सोडत नव्हता.

"मी तोडगा सांगतो," अण्णा म्हणाले. "बारा लिव्हा, मधी अधिक, म्होरं एक. झालं तेरा, पर दिसत न्हाई."

"अधिकाच्या चिन्हाचे वेगळे पैसे," पोरगा म्हणाला.

इथं मला हसू आवरलं नाही, कारण हा तोडगा जगात एकानं खरोखर केला आहे. चिलीचा इवान झामोरानो. इंटर मिलानमध्ये त्याचा ९ नंबर ब्राझीलच्या रोनाल्डोकडं गेला, तेव्हा त्यानं १८ घेतला आणि मधे बारीकसं अधिक चिन्ह चिकटवलं. १+८. गडी तसाच खेळायचा. मी हे सांगितल्यावर अण्णा खूष. "बगा, त्येला अक्कल हाय."

खरं तर तिथंच गप्प बसायला हवं होतं. पण मी पडलो कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की जेवण सोडून जाणाऱ्यांतला. फुटबॉलचा विषय निघाला आणि मी माघार घेतली असं होत नाही. मी म्हटलं, अण्णा, जगातले भलेभले या नंबरावर खेळलेत. १९६६ ला पोर्तुगालचा युसेबियो, नंबर १३. लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर उत्तर कोरियानं पंचवीस मिनिटांत तीन गोल मारून ठेवलेले. या गड्यानं एकट्यानं चार ठोकले, ५-३ नं जिंकले. अख्ख्या वर्ल्डकपात नऊ गोल, सगळ्यात जास्त.

"कप मिळाला?"

"...नाही. तिसरे आले. सेमीफायनलला इंग्लंडकडनं हरले."

"मग तो काय करीत हुता?"

"रडत गेला मैदानातून."

अण्णांनी पोराकडं बघितलं. पोरानं माझ्याकडं.

मी पुढचा काढला. पश्चिम जर्मनीचा गेर्ड म्युलर. बुटका, आडवा, मांड्या पैलवानाच्या. १९७० ला ९ नंबर उवे झेलरकडं होता म्हणून याला १३. म्हणजे हाही उरलेल्यातलाच! त्यानं दहा गोल मारले. पुढं १९७४ ला पुन्हा तोच नंबर, आणि म्युनिकमध्ये हॉलंडविरुद्ध फायनलचा विजयी गोल त्याचाच. कप मिळाला, अण्णा. मिळाला! अण्णा क्षणभर थांबले. मग म्हणाले, "हां. एखादा सुटतोय."

अमेरिकेच्या बायकांचंही सांगितलं. २०१९ चा वर्ल्डकप, थायलंडविरुद्ध १३-०, त्यातले पाच गोल ॲलेक्स मॉर्गनचे, आणि तिच्या पाठीवर १३. पुढं कपही त्यांनीच नेला. "थायलंडचं तीन तेरा झालं की मग," अण्णा म्हणाले. "वाजलं का न्हाई कुणाचं तरी?"

इटलीत तर उलटंच आहे. तिथं १७ वाईट आणि १३ चांगला. त्यांच्या टोटोकाल्चो नावाच्या सट्ट्यात तेराच्या तेरा मॅचचे अंदाज बरोबर आले की माणूस मालामाल. (आमच्या १७ नंबरवाल्याला मी हे मुद्दाम कळवलं. त्यानं अंगठा पाठवला. आणि हो, १९५८ ला फ्रान्सच्या जुस्त फाँतेननं १७ नंबरावर, तेही दुसऱ्याचे बूट घालून, सहा मॅचमध्ये गोल मारले किती, तर १३. आता यातला शुभ कुठला आणि अशुभ कुठला ते तुम्हीच ठरवा.) तर इटलीचा अलेस्सांद्रो नेस्ता, बचावातला देखणा गडी, १३ नंबर. लकी देश, लकी आकडा.

"मग?"

इथं माझा आवाज जरा बसला. नेस्ता तीन वर्ल्डकप खेळला आणि तिन्हींत दुखापत होऊन बाहेर बसला. २००६ ला त्याच्या जागी मटेराझी आला. त्यानं फायनलला गोल मारला, फ्रान्सच्या झिदानला डिवचून त्याचं डोकं छातीवर घेतलं, इटली जगज्जेती.

"म्हंजी पाय ह्येचा ग्येला आनि नाव त्येचं झालं," अण्णा म्हणाले. मांडीवरची पिशवी खाली ठेवून ते पुढं सरकले. "अजून हाय का कोण?"

होता. जर्मनीचा मिखाएल बालाक. तो मी सांगायलाच नको होता, पण तेराचं पुराण बालाकशिवाय पुरं होत नाही. २००२ : त्याचा क्लब लेव्हरकुसेन एका गुणानं लीग हरलं, जर्मन कपची फायनल हरलं, चॅम्पियन्स लीगची फायनल रेआल माद्रिदकडनं हरलं. मग वर्ल्डकप. कोरियाविरुद्ध सेमीफायनल, बालाकला पिवळं कार्ड. फायनल हुकणार हे त्याला तिथंच कळलं. चार मिनिटांनी त्यानंच गोल मारून संघाला त्या फायनलमध्ये पोचवलं. २००८ : इंग्लंडच्या चेल्सी क्लबात लीग दुसरी, लीग कपची फायनल गेली, मॉस्कोत चॅम्पियन्स लीगची फायनल पेनल्टींवर गेली, आणि वर युरोची फायनल स्पेननं नेली. २०१० ला वर्ल्डकपच्या तोंडावर वेम्बलीत घोट्यावर लाथ बसली, तो वर्ल्डकपही गेला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. "त्यानं जर्मनीत चार वेळा लीग जिंकलीय, इंग्लंडमध्येही एकदा," मी घाईनं म्हटलं, पण ते कुणी ऐकत नव्हतं.

"मग त्येचा नंबर कुणी घेतला?"

"थॉमस म्युलरनं. त्याच वर्ल्डकपात पाच गोल, गोल्डन बूट. २०१४ ला परत पाच, आणि कप."

अण्णांचा चेहरा खुलला. "आलं ध्यानात. ह्यो नंबर आदी एकाला खातोय, मग दुसऱ्याला पावतोय. तुमच्या आदी तुमच्या टीममधी ह्यो कुणी घातलेला?"

"नाही. मीच पहिला."

"मग संपलं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी खुर्ची परत फ्लेक्सकडं फिरवली.

पोरगा प्लॉटरमधून निघालेल्या पांढऱ्या व्हिनाइलवरचा फाजील भाग चिमट्यानं सोलत होता. ७ सोलला, ७७ सोलला. माझा १ जर्सीवर ठेवला, ३ हातात घेतला आणि थांबला. "दादा, बदलायचा आसंल तर आत्ता सांगा. एकदा दाबलं की निघत न्हाई." मी म्हटलं दाब. त्यानं हीट प्रेसचा दांडा ओढला. शिट्टी वाजली. वरचा कागद सोलला तर तीनचं खालचं पोट अंमळ तिरपं बसलं होतं. पैसे सांगितले तर माझ्या जर्सीचे ७ वाल्यापेक्षा जास्त. का? तर छपाईचा दर आकड्यावर. याचे दोन आकडे.

मला चीड येते ती इथं. २००२ च्या त्या फायनलचंच घ्या. जर्मनी हरली तेव्हा १३ मैदानावर नव्हताच, तो बाहेर बसला होता. बॉल सुटला ऑलिव्हर कानच्या हातून, त्याचा नंबर १, आणि तो जाळ्यात मारला ब्राझीलच्या ९ नं. पण एक नंबर घालू नको असं कुणी कुणाला सांगत नाही. नाव तेराचं. बिल्डर लिफ्टमध्ये बारानंतर चौदाचं बटण लावतात आणि वर चौदाव्या मजल्याचा जादा दर घेतात. राहणारा तेराव्यातच राहतो. फिफा निदान सरळ आहे. वर्ल्डकपला नंबर सलग लावायचे, गाळायचा नाही. अर्जेंटिनानं २००२ ला मॅराडोनाच्या मानासाठी १० नंबर बाजूला ठेवायचं म्हटलं, तर चालणार नाही म्हणाले. म्हणजे प्रत्येक देशात एकानं तेरा घ्यायचाच. ज्यानं घेतला त्याचे आभार राहू देत, पण निदान घरात कोण आजारी आहे असं तरी विचारू नये.

मॅचच्या दिवशी कळलं की समोरच्यांची जर्सीही निळी. टॉस आम्ही हरलो, म्हणून आम्हाला टर्फवाल्याचे नारिंगी बिब, म्हणजे जर्सीवरून चढवायच्या बिनबाह्यांच्या बंड्या, घालावे लागले. ते आदल्या टीमच्या घामानं अजून ओलेच होते. झाला का खेळ? साडेपाचशे वर्गणी, दोन आकड्यांची छपाई, अण्णांचं प्रवचन, आणि पाठ झाकलेली. मला शेवटी शेवटी उतरवलं. बॉल आला, मी वळलो, आणि त्यांच्या बचावातल्या एका धिप्पाड गड्यानं बॉल सोडून माझी नडगी हाणली. पेनल्टी. मी बाहेर बसून बर्फ शोधतोय तोवर कॅप्टननं बॉल ठेवला. त्यांचा गोलकीपर घसरून आधीच खाली बसलेला. गोल. रात्री कॅप्टनच्या स्टेटसला फोटो : बिब काढलेलं, पाठ कॅमेऱ्याकडं, १० ठळक, त्याला गाणं लावलेलं. कोपऱ्यात माझा अर्धा पाय दिसतोय.

त्याखालोखाल ग्रुपवर मेसेज आला : "बिबचं भाडं माणशी ३०, आजच पाठवा." आणि माझं नाव टॅग करून वेगळं : "तुझं बर्फ नि बँडेजपण धरलंय. तू ७० पाठव."

पाठवत नसतोय.