तीनशे रुपयांची पावती

बेळगावच्या आमच्या वारसा सोसायटीचं वर्ष मार्चअखेर संपलं. पावती पुस्तक, सभासद रजिस्टर आणि बँकेचं पासबुक समोर घेऊन दोन दिवस बसले होते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ८०० च्या वर माणसं आहेत. यंदा वर्गणी भरलेले सभासद ११२.

नऊ वर्षं मी चिटणीस म्हणून काम करते आहे. सुरुवातीला मला ग्रुपमधल्या माणसांचं अप्रूप होतं. रविवारी सकाळी किल्ल्यात फेरी ठेवली की दीडशे जण यायचे, कमल बस्ती या जैन देवळाच्या छताखाली उभे राहून माना वर करून ते दगडी कमळ बघायचे, फोटो काढायचे. मला वाटायचं, बेळगाव जागं झालं. आज मी असं म्हणते की फेरीला येणारा माणूस पाहुणा, आणि पावती फाडणारा माणूस घरचा. पाहुण्यांवर घर चालत नाही.

हे मला शहापुरातल्या एका काकूंनी शिकवलं.

शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, विणकरांचं गाव. काकूंचं घर त्याच विणकर गल्ल्यांपैकी एका गल्लीत. सोप्यात खड्डामागाचा खड्डा तसाच होता. माग जाऊन कित्येक वर्षं झाली होती, खड्ड्यावर फळ्या टाकून त्यावर शिलाई मशीन ठेवलेलं. काकूंनी मशीन बाजूला सरकवलं, दोन फळ्या उचलल्या. ज्या कडेवर बसून माणसं खाली पाय सोडायची, ती दगडी कड मधोमध खोलगट झाली होती. तीन-चार पिढ्या एकाच जागी बसल्याची ती झीज. मी हात फिरवून बघितला. आरशासारखी गुळगुळीत. खड्ड्याच्या बाजूला भिंतीत एक छोटा कोनाडा, त्यात तेलाचे डाग. काकू म्हणाल्या, "मामंजी दिवा ठेवायचे. रात्री दहापर्यंत चालायचा माग."

त्या घरी आम्ही तीन वेळा गेलो. एकदा फेरी घेऊन, एकदा आर्किटेक्चरच्या मुलांना घेऊन, एकदा नुसतेच. दर वेळी काकूंनी चहा दिला. चौथ्यांदा गेले तेव्हा जेसीबी उभा होता. सोपा पडला होता, खड्डा मातीने भरला होता. मला बोलता येईना. मी विचारलं, "काकू, एक फोन तरी करायचा." काकू शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही येऊन फोटो काढून गेला की तीन वेळा. कौलं गळतात, तुळई कुजली, दर पावसाळ्यात दहा ठिकाणी भांडी ठेवतो आम्ही. त्याचं कुणी विचारलं काय?"

कुणीही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मागाच्या खड्ड्याची लांबी-रुंदी मी वहीत लिहून घेतली होती, आणि मान वर करून आढं बघितलं नव्हतं.

मोठ्या नावांच्या जागांचं तसं बरं आहे. स्वामी विवेकानंद १८९२ साली बेळगावात आले ते रिसालदार गल्लीत भाटे वकिलांकडे उतरले. त्या घराला संस्था मिळाली, जपणूक झाली. १९२४ साली टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. त्या वेळी पाण्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर आज स्मारक आहे. हे व्हायलाच हवं होतं. पण विणकराच्या सोप्यात कोण उतरलं होतं? त्याच्या कौलांसाठी कुठलं खातं पैसे देणार? कायद्याने संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करायला बंदी आहे, त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. त्या गोलाच्या बाहेर सगळं गाव आहे.

त्या वर्षीच्या वार्षिक सभेत मी ठराव मांडला की वर्गणीचा तिसरा हिस्सा कौलांसाठी बाजूला काढायचा. विरोध झाला. कुणी म्हणालं पुस्तिका छापू, कुणी म्हणालं हे काम महानगरपालिकेचं. दोन तास वाद झाला आणि सात मतांनी ठराव पास झाला. यंदाचा हिशेब सांगते. ११२ सभासद, प्रत्येकी ३०० रुपये, म्हणजे ३३,६०० रुपये. त्यातले ११,२०० कौलांचे. एवढ्यात वाडा वाचत नाही, मला ठाऊक आहे. पण मे महिन्यात कौलं चाळून घ्यायची मजुरी निघते, फुटलेली कौलं बदलता येतात, आणि मुख्य म्हणजे त्या निमित्ताने घरात कुणीतरी शिडी लावून वर चढतं. तुळई कुठे मऊ पडली, वाळवी कुठवर आली, हे वेळेवर कळतं. दोन वर्षांत चार घरं झाली. चारही अजून उभी आहेत. कौलं चाळणारे जुने गडी गावात आता बोटांवर मोजण्याइतके राहिलेत, त्यांचे फोन नंबर हाच आमच्या सोसायटीचा सगळ्यांत मोलाचा कागद आहे असं मी म्हणेन.

वर्गणीची लाज वाटणाऱ्यांना मी एक गोष्ट नेहमी सांगते. १२०४ साली रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात त्याचा मंत्री बिचिराज याने किल्ल्यात रट्ट जिनालय, म्हणजे जैन देऊळ, बांधलं. त्या देवळाला मिळालेल्या दानाचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहेत. त्यात राजाने दिलेली जमीन आहेच, पण त्याशिवाय वेणुग्रामच्या, म्हणजे बेळगावच्याच, बाजारातल्या व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावर ठरवून दिलेला हिस्साही आहे. लाट देशाचे (आजचा दक्षिण गुजरात) आणि मलेयाळ देशाचे (आजचं केरळ) व्यापारी त्यात आहेत. परक्या मुलखातून इथे धंद्याला आलेली माणसं, आणि इथल्या देवळासाठी थोडं थोडं द्यायला तयार. आठशे वर्षांपूर्वी बेळगावात वर्गणी होती, आणि ती काय द्यायची हे दगडावर कोरून ठेवलेलं होतं.

एका दात्यांनी मागे आमचा सगळ्या वर्षाचा खर्च उचलायची तयारी दाखवली होती. अट एकच, प्रत्येक फलकावर त्यांचं नाव आणि फोटो. समितीत निम्मे लोक घ्या म्हणत होते. मी राजीनामा लिहून खिशात ठेवून त्या बैठकीला गेले होते. पैसे घेतले नाहीत. एका माणसाचे तीस हजार आले की सोसायटी त्या माणसाची होते, आणि शंभर माणसांचे तीनशे-तीनशे आले की शंभर माणसं हिशेब विचारतात. मला हिशेब विचारणारी माणसं हवीत. कर्नाटकाच्या १९६० च्या कायद्याखाली सात जण एकत्र आले की सोसायटी नोंदवता येते, पण दर वर्षी सभा घेणं, हिशेब तपासून घेणं, समितीची यादी रजिस्ट्रारकडे पोचवणं, हे काम कुणालाच नको असतं. गावात हौसेने सुरू झालेल्या किती संस्था याच कागदांपायी बंद पडल्या.

आता त्या प्रश्नाबद्दल, जो टाळून बेळगावात कुठलीच संस्था चालवता येत नाही.

दर वर्षी कुणी ना कुणी माझ्या दारात येतं. "मॅडम, हे गाव मूळचं आमचं, याचा पुरावा काढून द्या." कधी मराठीत विचारतात, कधी कन्नडात. एकदा एका संस्थेने आदल्या दिवशी आमचा हॉल रद्द केला, का तर वक्ते दुसऱ्या भाषेचे होते. मी मराठी आहे. माझं घर, माझी शाळा, माझी पुस्तकं मराठी. १८४८ सालच्या सार्वजनिक वाचनालयात मी वाचायला शिकले, इंदिरा संत याच गावात राहिल्या याचा मला अभिमान आहे. १९५६ नंतर सरकारी कागदावरून आमची भाषा कशी मागे सरकत गेली हे माझ्या वडिलांनी सोसलं, मीही बघते आहे. मराठी माणसाला त्याच्या भाषेत कागद मिळाला पाहिजे, हे मी कुठल्याही व्यासपीठावर सांगेन. पण तो न्याय मागायला मी किल्ल्यातला दगड साक्षीला उभा करणार नाही. ज्यांनी तो कोरला त्यांना आपलं भांडण माहीत नव्हतं.

आणि हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, कामाची गरज म्हणून सांगते. हे गाव एका माणसाला वाचता येत नाही. बस्तीचा लेख जुन्या कन्नडात. शहापूरच्या घरांतले खरेदीखतांचे कागद मोडीत. किल्ल्यात फारसी लेख आहे. कॅम्पातलं १८६९ सालचं सेंट मेरी चर्च, तिथल्या पाट्या इंग्रजीत. आमच्या समितीत एक निवृत्त कन्नड शिक्षक आहेत, सगळे त्यांना मास्तर म्हणतो. हळेगन्नड, म्हणजे जुनं कन्नड, त्यांना येतं, मोडी येत नाही. मोडी येते ती ऐंशी पार केलेल्या आमच्या आजोबांना, त्यांना कन्नड फक्त बाजारापुरतं. एका घरच्या वाटणीचे कागद आमच्याकडे आले, अर्धे मोडीत, अर्धे कन्नडात. मी आजोबांना रिक्षात घालून मास्तरांकडे घेऊन गेले. मास्तर दारातच उभे होते, "बर्री, कूड्री" (या, बसा) म्हणत आजोबांचा हात धरून आत घेऊन गेले. दुपारभर दोघं एका पाटावर कागद पसरून बसले. एक मोडी वाचायचे, दुसरे कन्नड, आणि मधे मी दोन्हीकडचं लिहून घेत होते. संध्याकाळी कळलं की त्या घराची पुढची ओसरी आणि मागचं परडं दोन वेगवेगळ्या काळांत घेतलेलं होतं. नुसते मोडीचे कागद वाचले असते तर निम्मं घर हाताला लागलं नसतं.

म्हणून आमचं पत्रक मराठीत आणि कन्नडात निघतं, दोन्ही भाषांत सारखंच सविस्तर. छपाईचा खर्च दुप्पट होतो. दर वर्षी कुणीतरी सुचवतं की एकाच भाषेत काढा. मी असेपर्यंत तसं होणार नाही.

एक चूक माझ्या हातून झाली, तीही इथे लिहिते. सहा वर्षांपूर्वी एका जुन्या घराच्या कोरीव चौकटीचा फोटो मी गल्लीच्या नावासकट सगळ्यांसाठी टाकला. वेल, मोर, मधे गणपती. लोकांनी फार कौतुक केलं. महिन्याभरात जुन्या सामानाचा दलाल त्या घरी पोचला. घरात म्हातारे गृहस्थ एकटेच असायचे, औषधाला पैसे हवे होते. चौकट उपसून नेली, जागी लोखंडी दार बसलं. ते दार बघायला मी गेले होते. चौकटीच्या चिऱ्यांवर ओल्या सिमेंटचे डाग होते. त्या दिवसापासून घरांची नोंदवही सभासदांपुरतीच, आणि ती बघताना सही करावी लागते. "एवढं लपवता का?" असं विचारतात लोक. हो, लपवतो. ज्याचं नाव-पत्ता आमच्याकडे आहे आणि ज्याला सभेत उभं करून विचारता येतं, त्यालाच दाखवतो.

सहलींबद्दल फारसं लिहीत नाही, त्या चांगल्या चालतात. गेल्या हिवाळ्यात खानापूर तालुक्यात हलशीला गेलो होतो. कदंबांची ती दुसरी राजधानी. भूवराह नरसिंहाच्या देवळात समोरासमोर दोन गाभारे आहेत, मधल्या मंडपात उभं राहिलं की दोन्ही देव तुम्हाला बघतात. परतताना बसमध्ये अकरा जणांनी फॉर्म भरले. त्यातल्या सहा जणी कन्नड शाळेतल्या शिक्षिका होत्या.

काकू आता टिळकवाडीत मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात. फेब्रुवारीत त्यांचा फोन आला, "तुमचा तो फॉर्म द्या बघू एक." मी स्वतः घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, पिशवीतून सुटे तीनशे मोजून दिले आणि पत्त्याच्या रकान्यापाशी थांबल्या. "शहापूरचा लिहिला तर चालतो काय?" मी म्हटलं, पत्रक टपालाने येतं काकू, इथला लिहा. त्यांनी दोन्ही लिहिले. मग कौलांच्या कामाला या मेमध्ये कुठलं घर धरलंय ते विचारलं, आणि गल्लीतल्याच आणखी एका घराचं नाव सांगितलं, जिथे न्हाणीघराकडची बाजू खचायला लागली आहे. ते घर आमच्या नोंदवहीत नव्हतं.

वार्षिक सभा पुढच्या रविवारी सकाळी दहाला आहे, जागा ग्रुपवर टाकली आहे. हिशेबाचे कागद अर्धा तास आधी बाहेर टेबलावर असतील, वाचून या आणि प्रश्न विचारा. वर्गणी तिथेच घेतली जाईल. ज्यांच्या घरात मोडी किंवा जुन्या कन्नडातले कागद आहेत त्यांनी मूळ कागद आणू नका, फोटो आणा. मास्तर आणि आजोबा दोघंही येणार आहेत. आणि ज्यांना शिडीवर चढता येतं त्यांनी सभेनंतर थांबा, न्हाणीघराची बाजू पावसाआधी बघायची आहे.