खाणीवर काळी माती पसरायला सांगणारा तो मेसेज

सध्या खानापूर-बेळगाव भागातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: बॉक्साइटच्या आणि चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जुन्या खाणी दोन वर्षांत हिरव्या करा, तांबडी माती निकस, ती विकून टाका, अथणी-रायबागकडची काळी माती दीड फूट पसरा, जिप्सम मारा, वर नीलगिरी लावा. आमच्या जांबोटीकडच्या मामांनी तो खरा मानून टिप्परवाल्याशी भाव ठरवत आणलाय, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी काळ्या मातीचं बघू, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथंच आहे. एका एकरावर दीड फूट थर म्हणजे साधारण 653 ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). तीन ब्रासच्या टिप्परच्या दोनशेच्या वर खेपा. एवढी माती कुणाच्या तरी शेतातूनच खरवडून येणार. कृष्णाकाठच्या सिंचनाखालच्या पट्ट्यातली असेल तर तिच्याबरोबर क्षार येणार, आणि गाजरगवताचं बी फुकट.

बरं, आणून पसरली तरी काय होतं? बॉक्साइट काढल्यावर खाली बहुतेक शाडूसारखा चिकण थर उरतो, पोकलेन आणि टिप्परांच्या चाकांनी दाबून घट्ट झालेला. रेगड, म्हणजे ही काळी माती, पाण्यानं फुगते, तिची छिद्रं बुजतात. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात वरचं पाणी खाली मुरत नाही, दोन थरांच्या मध्ये साचतं आणि उतारावर अख्खा थर घसरतो. सपाटीवर रोपांची मुळं ऑगस्टपर्यंत कुजतात. पानं पिवळी पडली की लोक रोग समजून औषध फवारतात. जी रोपं वाचतात त्यांची मुळं एप्रिलमध्ये मातीला पडणाऱ्या भेगांनी तुटतात. शिवाय काळ्या मातीचा सामू (pH; सातच्या खाली आम्ल, वर अल्क) साडेसात-आठच्या पुढे, आणि इथले किंजळ, नाणा, हिरडा, जांभूळ वाढलेले आम्लधर्मी जांभ्या मातीत.

तांबडी माती निकस आहे हे मात्र अर्धं खरं आहे, मान्य करतो. अन्नद्रव्यं धरून ठेवायची तिची ताकद कमी, आणि घातलेलं स्फुरद (फॉस्फरस) लोह-ॲल्युमिनियम अडकवून ठेवतात. पण त्यावर इलाज आहे: शेणखत, आम्ल जमिनीत हळूहळू विरघळणारं रॉक फॉस्फेट, आणि परीक्षणात सामू साडेपाचच्या खाली आला तर चुना. तलावातला काळा गाळ वापरायचाच असेल तर खड्ड्यामागे एखादं घमेलं, तांबड्या मातीत नीट कालवून. दीड फुटाचा थर नव्हे.

आता ‘विकून टाका’. हे वाचून खरंच संताप येतो. खानापूरच्या वीटभट्ट्यांना माती हवीच असते, गिऱ्हाईक दारात उभं असतं. पण वरच्या वीतभर मातीतच त्या जागेचं बी, बुरशी, जिवाणू आणि कुजका पालापाचोळा असतो. ती एकदा विटेत गेली की पैसे मोजूनही परत मिळत नाही. 2017 च्या खनिज संवर्धन आणि विकास नियमांत स्पष्ट आहे: वरची माती वेगळी काढायची, खाणीची जागा पूर्ववत करायला किंवा बाहेरचे ढिगारे स्थिर करायला वापरायची, लगेच वापरता येत नसेल तर वेगळी साठवायची. बॉक्साइटला हे नियम लागू आहेत. चिरा-मुरूम गौण खनिज, त्याचे नियम राज्याचे. पण जमिनीची गरज दोन्हीकडे तीच. ढीग दोन मीटरपेक्षा उंच नको, नाहीतर आतली माती हवेअभावी मरते. सहा महिन्यांत वापरता आली तर उत्तम. थांबावं लागलं तर ढिगावर ताग पेरावा.

जिप्सम चोपण जमिनीसाठी, जिथं सोडियम साचलेलं असतं. त्यानं आम्ल जमिनीचा सामू वाढत नाही. नीलगिरी जगते, पण तिचा पाला लवकर कुजत नाही आणि खाली फारसं काही उगवू देत नाही. दोन वर्षांत उंच झाडं दिसतील, माती मात्र होती तशीच.

काम कसं करायचं ते क्रमानं. फेब्रुवारी ते एप्रिल, तळ कोरडा असताना, डोझरच्या रिपरनं (मागच्या पोलादी फाळानं) 60 ते 75 सेंमी खोल नांगरट. समपातळीत, म्हणजे उताराला आडवी, मीटर-सव्वा मीटर अंतरानं. ओल्यात केली तर रिपर चिकणमाती नुसती लिंपत जातो, भेगा पडत नाहीत. मग मुरमाड खालची माती, तिच्यावर 15 ते 20 सेंमी राखून ठेवलेली वरची माती. टिप्पर कडेला रिकामा करायचा आणि पोकलेनच्या बकेटनं माती आत ओढायची; पसरलेल्या मातीवर चाक फिरलं की केलेली नांगरट वाया. उताराला वाळ्याच्या ओळी, मोकळ्या जागेत ताग किंवा स्टायलो हा शेंगवर्गीय चारा. झाडं पहिल्या पावसात लावायची.

निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या दगडाच्या खाणीत काळी माती चालेल, कारण तिथं वरून निघालेली मातीच ती आहे. तिथंही दुसरीकडून आणायची गरज नाही.

मामा, टिप्परवाल्याला इसार देण्याआधी एक करा. खाणीच्या तळात दोन फूट खड्डा खणा, पाण्यानं भरा आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी तसंच असेल तर मातीचं नंतर, आधी रिपर लागेल. आणि ढिगातली किलोभर तांबडी माती मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात तपासायला द्या. चुना किती घालायचा ते त्यावरून ठरेल.