परिसरशास्त्रज्ञाला टेंडरच्या आधी बोलवा

पुण्यात मुळा-मुठेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाचा विषय निघाला की दोन बाजू लगेच समोरासमोर उभ्या राहतात. एकीचं म्हणणं, पर्यावरणवाले प्रत्येक कामात खोडा घालतात. दुसरीचं, महापालिकेला काँक्रीटपलीकडे काही दिसत नाही. वेताळ टेकडीवरून न्यायच्या नियोजित बालभारती-पौड फाटा रस्त्याचंही तेच. हे सगळं मी नेदरलँड्समध्ये बसून वाचते, आणि "तिकडून बोलायला काय जातं?" हा प्रश्नही मला नेहमी ऐकावा लागतो. त्यात तथ्य आहे. पौड फाट्याच्या सिग्नलला रोज मी अडकत नाही. पण ज्या कामाचा मला इथं पगार मिळतो, तेच काम जाणणारी माणसं पुण्यात हरकती-सूचनांच्या सुनावणीत नंबर लागायची वाट बघत बसतात. याचा मला मनापासून त्रास होतो.

माझं शिक्षण संवर्धनशास्त्राचं. सुरुवात मुळा-मुठेच्या काठावर झाली: कुठं वाळुंजाचं झाड उरलंय, कुठं करंजाचं, हिवाळ्यात येरवड्याच्या बाजूला चक्रवाक उतरले का, अशा नोंदी. इथं आल्यावर प्रश्न बदलला. आज काय आहे याच्या जोडीला, पाऊस आणि उष्णता बदलल्यावर काय टिकेल आणि त्यासाठी आत्ता कुठं जागा सोडायची, हे सांगावं लागतं. हवामान बदलाशी जुळवून घेणं म्हणतात ते हेच.

काम दिसतं कसं? पूरमैदानात, म्हणजे पुरात पाण्याखाली जाणाऱ्या नदीकाठच्या सपाट जमिनीवर, झाडी वाढली की पाणी अडतं आणि पातळी चढते, म्हणून अभियंत्याला तिथं गवत हवं असतं. मला झुडपं हवी असतात. इथं नद्यांच्या पूरमैदानांचा अधिकृत नकाशाच आहे, कुठल्या तुकड्यावर किती झाडी चालेल हे सांगणारा. त्यावर बोट ठेवून आम्ही भांडतो, आकडेमोड पुन्हा करतो, आणि मधला मार्ग निघतो. बीव्हरचं तसंच. पाण्याकाठी बीळ करून राहणारा हा कुरतडणारा प्राणी 1988 मध्ये इथं पुन्हा आणून सोडला. पुराच्या वेळी तो उंच जागा शोधतो आणि थेट नदीकाठचा, पूर अडवणारा बंधारा पोखरतो. म्हणून त्याच्यासाठी वेगळे उंचवटे बांधतात. तो कुठं जाईल हे प्राणी ओळखणाऱ्यालाच सांगता येतं, आणि त्यावर बंधाऱ्याची सुरक्षितता अवलंबून असते.

डच लोक उपजत शहाणे आहेत असं मुळीच नाही. नद्या आवळत नेण्याचं काम त्यांनीही शतकानुशतकं केलं. 1995 च्या पुरात सुमारे अडीच लाख लोकांना हलवावं लागलं, तेव्हा 'नदीला जागा द्या' हे धोरण आलं. नाइमेगन शहरासमोर लेंट गावाचा बंधारा 350 मीटर मागे घेतला. त्यासाठी पन्नासेक घरं पाडावी लागली, आणि लोकांनी कडाडून विरोध केला. शिवाय 2021 च्या जुलैत फाल्केनबुर्ग पाण्याखाली गेलं ते मोठ्या मास नदीमुळं नव्हे, तर खेउल या छोट्या उपनदीमुळं.

फाल्केनबुर्गची ती बातमी वाचताना मला पुण्यातला आंबिल ओढा आठवला. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या बाजूनं आलेल्या पाण्यानं अरण्येश्वर, सहकारनगरात हाहाकार केला, आणि त्या पावसानं पुण्यात वीसहून अधिक जीव घेतले. वर्षभर आटलेला ओढा एका रात्रीत नदी होतो, हे डच पुस्तकात सापडणार नाही. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून सुमारे 35 हजार क्युसेक सुटलं आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल रेषा, दोन्ही मागच्या नोंदींवर बेतलेल्या असतात. पाऊस मागच्यासारखा राहिला नाही तर त्या रेषा कुणी हलवायच्या?

गंमत नाही, खंत आहे ही: ज्या शहरात हे घडतं, तिथंच पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, शिवाजीनगरला हवामान खात्याचं कार्यालय आहे, आणि पश्चिम घाटाचा 2011 चा अहवाल देणाऱ्या समितीचे अध्यक्ष माधव गाडगीळही पुण्याचेच होते. ज्ञान आयात करायची गरज नाही. महापालिकेत पर्यावरण विभाग आहे, दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवालही निघतो. पण आराखडा ठरताना, मोरी किती रुंद ठेवायची हे कागदावर उतरताना, ओढा पायी फिरलेला माणूस त्या टेबलाशी हवा. आपल्याकडं या विषयात शिकलेली हुशार मुलं सल्लागार कंपन्यांचे सहा-सहा महिन्यांचे अहवाल लिहून पोट भरतात, आणि ते अहवाल बहुधा निर्णय झाल्यावर मागवले जातात. मग चांगली मुलं टिकणार कशी? मीही तशीच बाहेर पडले.

म्हणून नदीकाठावर भिंत हवी की नको, यावर इथून निकाल देण्यापेक्षा मी महापालिकेकडं एक मागणी करते. कार्यकारी अभियंत्याच्या बरोबरीची, कायम, पगारी पदं परिसरशास्त्रज्ञांसाठी काढा, आणि त्यांच्या सहीशिवाय ओढ्यावरचं कुठलंही काम निविदेला जाऊ देऊ नका. सुरुवात आंबिल, नागझरी, भैरोबा नाला आणि रामनदीपासून करा: प्रत्येकाला एक अभियंता, एक परिसरशास्त्रज्ञ, आणि पाषाणहून आलेले पुढच्या तीस वर्षांच्या पावसाचे अंदाज.